पाळणा लांबतो तो नेमका कशानं?

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहून गेले: मुलींच्या शाळेची वर्षं वाढली की घरातली मुलांची संख्या घटते. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की हे सदर या वेळी तिलाच द्यावं लागतंय. कुणी पाठ थोपटली, कुणी कान उपटले, एका गृहस्थांनी "हे सरकारी छापाचं वाक्य आहे" असं लिहून खाली ठसठशीत सही ठोकली. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. घरोघर जाऊन बायकांकडून त्यांच्या बाळंतपणांचा हिशेब लिहून घेणं हे माझं काम होतं, आणि पुढे असे हिशेब घेणाऱ्या मुलींना तयार करणं. त्यामुळे उत्तरं देताना माझं बोट सारखं प्रश्नावलीकडे जाईल. सांभाळून घ्या.

ताई, मला दोन मुली आहेत, दोघी शिकताहेत. पण तुमचं वाक्य गळी उतरत नाही. शाळेत गणित शिकवतात, इतिहास शिकवतात. मुलं किती व्हावीत हे कुठल्या इयत्तेत शिकवतात? मग शाळेचा आणि पाळण्याचा संबंध काय? – एक वडील

कुठल्याच इयत्तेत शिकवत नाहीत, आणि तरीही परिणाम होतो. शाळेनं या बाबतीत एक अक्षर शिकवलं नाही तरी चालतं, इतका तो परिणाम आडून येतो.

सगळ्यात साधी गोष्ट वेळेची. मुलगी वर्गात बसलेली असते तोवर तिचं लग्न बहुधा होत नाही. सतराव्या वर्षी पहिलं बाळंतपण झालेली बाई आणि तेविसाव्या वर्षी झालेली बाई, यांच्यात सहा वर्षांचं अंतर आहे, आणि तीही दिवस सहज राहण्याच्या वयातली. शिवाय एक हिशेब लोकांच्या लक्षात येत नाही. दोघींना अगदी सारखी, दोन-दोनच मुलं झाली तरी पहिलीच्या घरात शंभर वर्षांत पाच-सहा पिढ्या होतात, दुसरीच्या घरात चार. मुलांची संख्या न बदलताही वाढीचा वेग मंदावतो.

दुसरी गोष्ट मला प्रश्नावलीनं शिकवली. पाहणीत एक प्रश्न असतो: "तुम्हाला एकही मूल नव्हतं त्या काळात परत जाता आलं आणि आयुष्यात एकूण किती मुलं व्हावीत हे ठरवता आलं, तर किती म्हणाल?" बऱ्याच जणी म्हणायच्या, "ते काय आपल्या हातात आहे? देव देईल तेवढी." नव्या मुली गडबडून जायच्या. रकान्यात आकडा लिहायचा असतो ना! मग त्या खोदून खोदून विचारायच्या, "तरी पण सांगा ना, दोन की तीन?" मी त्यांना दटावायचे. आकडा न सांगणं हेही उत्तर आहे आणि त्याला वेगळा संकेतांक आहे, तो लिहा. कारण त्या बाईनं प्रश्न टाळलेला नसतो. मुलांची संख्या ही ठरवायची गोष्ट असू शकते, हेच तिच्या जगात नसतं. अशी बिनआकड्याची उत्तरं शाळेत न गेलेल्या बायकांकडून जास्त येतात, आणि शाळेच्या वर्षांबरोबर ती विरळ होत जातात.

लोकसंख्याशास्त्रज्ञ अँसली कोल यांनी १९७३ साली मांडलं होतं की जननदर (म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं) उतरायला तीन गोष्टी लागतात: मुलं किती हवीत हे आपण ठरवू शकतो असं जोडप्याला वाटायला हवं, कमी मुलांत त्यांना आपलं हित दिसायला हवं, आणि तसं करण्याची साधनं हाताशी हवीत. साधनांवर सरकारं पैसा ओतत आली. पहिल्या अटीला मात्र गोळी नाही की तांबी नाही. ती अट शाळा पुरी करते, आणि तीही इतिहास-भूगोल शिकवता शिकवता.

तिसरी गोष्ट सांगताना माझा आवाज जरा खाली येतो. आमच्या यादीत जिवंत मुलांनंतर विचारायचं असतं, "जन्माला आलं, पण नंतर गेलं असं कुणी?" बाई नाही म्हणाली तर पुन्हा विचारायचं, "जन्मल्यावर रडलं, हालचाल केली, पण जगलं नाही असं एखादं?" या दुसऱ्या प्रश्नानंतर किती तरी वेळा लेखणी थांबवून बसावं लागायचं. जिथे मुलं दगावतात तिथे आईबाप हातात एक-दोन जास्तीची ठेवतात, कुणी बोलून दाखवत नाही इतकंच. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी नायजेरियात अभ्यास करून १९७९ साली दाखवलं की बालमृत्यू कमी होण्यात आईच्या शाळेचा वाटा फार मोठा असतो. घरची सुबत्ता किंवा जवळचा दवाखाना एवढ्यानं तो फरक उलगडत नाही. दवाखाना दोघींना सारखाच जवळ असेल. पण शिकलेली आई मूल लवकर नेते, डॉक्टरांना उलट प्रश्न विचारते, औषध पुरतं संपवते, आणि बरं वाटलं नाही तर पुन्हा जाऊन उभी राहते. रांगेत तिला कुणी सहज मागे ढकलत नाही. पहिली दोन जगतील याची खात्री वाटली की तिसऱ्याची निकड कमी होते.

राहता राहिला पैसा. त्याबद्दलही कॉल्डवेलच म्हणत की मुलं लहानपणापासून राबतात तिथे संपत्ती मुलांकडून आईबापांकडे वाहते आणि जास्त मुलं परवडतात. मुलं शाळेत जायला लागली की प्रवाह उलटा होतो. स्वतः शाळेत गेलेली आई मुलांना घरी बसवत नाही, म्हणजे तिच्या घरात प्रत्येक मूल हा खर्च असतो. नवऱ्याशी या विषयावर बोलण्याची हिंमत, गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचता येणं, स्वतःची कमाई, हेही आहेच. पण तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या बिनआकड्याच्या रकान्यात आहे.

ताई, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे मी वर्गात आयुष्यभर शिकवलं. शिकलेली मुलगी बहुधा सुस्थितीतल्या घरची असते. मग श्रेय शाळेला का? – निवृत्त गणित शिक्षक

सर, शंका रास्त आहे, आणि संशोधकांनाही ती छळत होती. काही मुलींना शिकवून आणि काहींना मुद्दाम न शिकवून तर तुलना करता येत नाही. म्हणून त्यांनी अशा जागा शोधल्या, जिथे शाळेची वर्षं घरच्या परिस्थितीमुळे वाढली नव्हती, सरकारच्या एका फटक्यानं वाढली होती.

इंडोनेशियानं १९७३ ते १९७९ या काळात ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. कुठे जास्त, कुठे कमी. १९७४ साली जी मुलं बारा वर्षांच्या पुढे होती त्यांना त्या शाळांचा उपयोग नव्हता, धाकट्यांना होता. एकाच भागातली थोरली आणि धाकटी मुलं, शाळा जास्त आलेले भाग आणि कमी आलेले भाग, अशी तुलना करता आली. मुलींचं शिक्षण वाढलं तसं लग्न आणि सुरुवातीची बाळंतपणं पुढे गेली. नायजेरियानं १९७६ साली प्राथमिक शिक्षण सर्वांसाठी मोफत केलं. त्यावरच्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की शिक्षणाचं एक वर्ष वाढलं की वयाच्या पंचविशीपर्यंत होणारी मुलं सरासरी ०.२६ नं कमी होतात. म्हणजे चार वर्षांच्या शाळेनं जवळपास एक मूल. तुर्कस्तानात १९९७ साली सक्तीचं शिक्षण पाचवरून आठ वर्षांवर नेलं, आणि किशोरवयातली लग्नं व पहिली बाळंतपणं घटली.

मला स्वतःला सगळ्यांत आवडतो तो पश्चिम केनियातला प्रयोग. तिथे काही शाळांत वरच्या वर्गातल्या मुलामुलींना फक्त गणवेश फुकट दिला. चिठ्ठी टाकावी तशी शाळांची निवड केली होती, त्यामुळे तुमचा "सुस्थितीतलं घर" हा आक्षेप तिथे लागू होत नाही. गळती कमी झाली, आणि कोवळ्या वयातली गरोदरपणंही कमी झाली. दुसऱ्या काही शाळांत गणवेश न देता शिक्षकांना एड्सबद्दल आणि संयमाबद्दल शिकवायचं प्रशिक्षण दिलं. तेवढ्यानं गरोदरपणं कमी झाली नाहीत. उपदेश फळला नाही, कापड फळलं! (वरच्या पत्रातल्या वडिलांनीही हे वाचावं.)

माझी आई शाळेची पायरी चढली नाही, आणि आम्ही दोनच भावंडं. शेजारच्या काकू पदवीधर, त्यांना चार. तुमचं शास्त्र आमच्या गल्लीत का चालत नाही? – थट्टेखोर वाचक

चालतं हो, पण सरासरीनं चालतं, आणि सरासरी कुणाच्याच घरात राहत नाही. भारताच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, शाळेत न गेलेल्या बायकांचा एकूण जननदर २.८ होता आणि बारा किंवा त्याहून जास्त वर्षं शिकलेल्यांचा १.८. फरक एका मुलाचा. एवढ्या फरकात तुमच्या आई आणि काकू दोघी आरामात बसतात.

पण तुमच्या थट्टेत एक गंभीर गोष्ट दडलेली आहे, ती मी सोडणार नाही. याच पाहणीची पहिली फेरी झाली १९९२-९३ मध्ये. तेव्हा सगळ्या बायकांची मिळून सरासरी ३.४ होती. म्हणजे आजची शाळेत न गेलेली बाई त्या वेळच्या सरसकट सरासरीपेक्षाही कमी मुलं जन्माला घालते. तिला कुणी वर्गात बसवलं नाही, तरी तिचा पाळणा लांबला. शिक्षण फक्त शिकलेलीच्या डोक्यात राहत नाही. जावेनं तांबी बसवली, बहिणीनं दोनवर थांबवलं, नर्सबाई दारात येऊन बोलली, मुलं शाळेत जायला लागली आणि खर्च वाढला, हे सगळं निरक्षर बाईलाही दिसतं आणि कळतं. बांगलादेशात जननदर उतरायला लागला तेव्हा तिथल्या बायका काही फार शिकलेल्या नव्हत्या. घरी येऊन साधनं देणाऱ्या कार्यकर्त्या होत्या.

त्याहून बोलका नमुना आंध्र प्रदेशचा. २००१ च्या जनगणनेत केरळमध्ये स्त्री-साक्षरता ८७ टक्क्यांच्या वर होती, आंध्रात जेमतेम ५०. आणि २००५-०६ च्या पाहणीत आंध्राचा जननदर १.८, केरळचा १.९! केरळच्या नावानं शिक्षणाचे गोडवे गाणारे भाषणकर्ते हा आकडा सांगत नाहीत. मग शिक्षणाचं काय उरलं? उरलं ते असं: आंध्रातल्या बाईची वाट बहुतेक वेळा ठरलेली होती. लवकर लग्न, लागोपाठ दोन मुलं, आणि पंचविशीच्या आत-बाहेर ऑपरेशन. कागदावर दोन मुलांची आई आणि दोन मुलांची आई सारख्याच. पण एकीनं पहिलं कधी, दुसरं किती वर्षांनी आणि थांबायचं कसं हे तिन्ही ठरवलं. दुसरीच्या वाट्याला फक्त थांबणं आलं, तेही बहुधा इतरांनी ठरवलेल्या दिवशी. जननदराच्या आकड्यात हा फरक दिसत नाही, म्हणून मी तो आकडा एकटा कधी वाचत नाही.

आणखी एक उलटा धागा आहे. लोकसंख्याशास्त्रज्ञ मारी भट यांनी २००२ साली भारताबद्दल मांडलं की शिक्षणानं कुटुंब लहान होतं तसंच लहान कुटुंबामुळे शिक्षण वाढतं. न शिकलेल्या आईनं दोनवर थांबवलं म्हणून तिच्या मुलांना शाळा मिळाली. तुम्ही पत्र इतकं खुसखुशीत लिहिता, ते कदाचित आईच्या त्या निर्णयामुळेच. तिला माझा नमस्कार सांगा.

चौथीपर्यंत शिकलं तरी फरक पडतो का, की दहावी-बारावीच हवी?

थोड्या शाळेनं थोडाच, आणि कधी कधी उलटा. आफ्रिकेतल्या काही भागांत दोन-तीन वर्षं शिकलेल्या बायकांना अजिबात न शिकलेल्यांपेक्षा किंचित जास्त मुलं झाल्याचं आढळलं होतं. कारण असं की जुन्या रीतीत दोन-दोन वर्षं अंगावर पाजणं आणि बाळंतपणानंतर नवऱ्यापासून दूर राहणं यानं पाळणा आपोआप लांबत असे. थोडं शिकल्यावर ती रीत सुटली, आणि गर्भनिरोधक साधन हाती येण्याइतकं शिक्षण मात्र झालं नव्हतं. खरा उतार माध्यमिक शाळेपासून दिसतो, आणि ते स्वाभाविकही आहे: चौथी संपते तेव्हा मुलगी दहा वर्षांची असते, तिच्या लग्नाचं वय शाळेनं अडवलेलं नसतं.

त्यात शाळेत गेलेली वर्षं आणि शिकलेलं ज्ञान एक नव्हे. पाहणीत आम्ही कमी शिकलेल्या बाईसमोर एक कार्ड धरायचो. त्यावर साधं, छोटं वाक्य. पूर्ण वाचलं, अर्धवट वाचलं, वाचता आलं नाही, यांपैकी एकावर खूण करायची. पाच वर्षं शाळेत गेलेली बाई ते कार्ड हातात घेऊन हसून परत करायची, हे मी नको तितक्या वेळा पाहिलं आहे.

मी पीएच.डी. करते, वय ३२, लग्नाला चार वर्षं झाली. "जास्त शिकलीस म्हणून घरात मूल नाही," असं मला ऐकवलं जातं. खरंच शिक्षणानं मूल होत नाही का?

शिक्षणानं गर्भाशयाला काही होत नाही. (हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं.) वयानं मात्र होतं: तिशीनंतर दिवस राहण्याची शक्यता हळूहळू आणि पस्तिशीनंतर झपाट्यानं कमी होत जाते. तुम्हाला मूल हवं असेल आणि प्रयत्न करूनही वर्षभरात दिवस राहिले नसतील, तर तपासणी करून घ्या, नवऱ्याचीही. नको असेल, किंवा आत्ता नको असेल, तर तो तुमच्या दोघांचा विषय आहे. प्रबंधाचा त्यात काही संबंध नाही.

आता मोठं चित्र. दक्षिण कोरियात मुली प्रचंड शिकल्या आणि २०२३ मध्ये तिथला जननदर ०.७२ वर आला. हे पाहून लोक म्हणतात, बघा, शिक्षण अति झालं. पण त्याच जगात नॉर्डिक देशही आहेत, म्हणजे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क वगैरे. तिथे नव्या पिढ्यांत जास्त शिकलेल्या आणि कमी शिकलेल्या बायकांच्या मुलांच्या संख्येतला फरक जवळजवळ पुसला गेला आहे. उलट मूल न झालेल्या बायकांचं प्रमाण आता कमी शिकलेल्यांतच जास्त दिसतं. शिकलेल्या दोन्हीकडच्या. मग वेगळं काय? स्वीडननं १९७४ मध्येच बाळासाठीची रजा आई आणि बाप दोघांना खुली केली. कोरियात कामाचे तास लांबलचक, बाळ झालं की बाईची नोकरी धोक्यात, आणि घरकाम बहुतेक तिच्याच डोक्यावर. शिकलेल्या बाईला आई होणं किती महाग पडतं, हे घर आणि कचेरी मिळून ठरवतात. अर्थात नॉर्डिक देशांतही अलीकडे जननदर उतरलाच आहे, तेव्हा रजा दिली की पाळणे हलले असं सोपं गणित मी मांडणार नाही.

आणि एक बारकावा. बाळंतपणं पुढे ढकलली जात असतात तेव्हा त्या वर्षांचा जननदर आहे त्याहून खाली दिसतो, कारण यंदा न झालेली बाळं पुढच्या काही वर्षांत होणार असतात. वर्तमानपत्रातला आकडा पाहून घाबरण्याआधी ही गोष्ट घरच्यांना सांगून बघा. ऐकतील असं नाही, पण थोडा वेळ शांतता मिळेल.

शिकलेल्या घरांत तरी मुली मारल्या जात नाहीत, एवढं समाधान मानावं ना?

नाही मानता येत. २०११ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात भारताबद्दलचा एक अभ्यास आला. पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या खेपेला दर हजार मुलग्यांमागे १९९० मध्ये ९०६ मुली जन्मत होत्या, २००५ मध्ये ८३६. ही घसरण दहावी किंवा पुढे शिकलेल्या आयांमध्ये आणि सधन घरांत जास्त होती. पहिला मुलगा असेल तिथे असं काही घडलं नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा तर १९९४ चा.

हिशेब क्रूर आहे. चार-पाच मुलं व्हायची तेव्हा एखादा मुलगा व्हायचाच. दोनच हवीत असं ठरलं आणि मुलगाही हवाच असं ठरलेलं राहिलं, तर दुसऱ्या खेपेला सोनोग्राफी यंत्रापर्यंत पोचण्याचा पैसा आणि ओळखी शिकलेल्या घराकडेच असतात. शाळेनं संख्या बदलली. हवं काय हे बदलायला तिला जास्त पिढ्या लागताहेत. यावर मला गोड बोलता येत नाही.

शिकलेल्या एकावर थांबतात, अडाणी बायका तीन-तीन घालतात. पुढची पिढी अडाणीच निपजणार. यावर काही लिहाल का? – चिंतातुर

शिक्षण रक्तातून जात नाही, शाळेतून जातं. तीन मुलांना शाळा द्या, तिन्ही शिकतील. पत्र लिहिणाऱ्यांनी आपल्या पणजीचं शिक्षण किती झालं होतं आणि तिला मुलं किती होती, ते घरी विचारावं.

मुलींना शिकवायचं ते लोकसंख्या कमी करायला? म्हणजे बाई पुन्हा साधनच! तुमचं वाक्य सरकारी छापाचं आहे. – ठसठशीत सही

तुमच्या रागाच्या बाजूनं मी आहे. सरकारांनी बायकांकडे बरीच दशकं तसंच पाहिलं. कैरोत १९९४ च्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी मान्य केलं की लक्ष्य आकड्यांचं नको, बाईचं आरोग्य, शिक्षण आणि हक्क हेच धरा. भारतानं १९९६ मध्ये गर्भनिरोधक साधनांची ठरवून दिलेली उद्दिष्टं काढून टाकली. कागदावर तरी. आजही गर्भनिरोधाचा भार कुणावर आहे ते पाहा: २०१९-२१ च्याच पाहणीत सुमारे ३८ टक्के विवाहित जोडप्यांत बाईचं ऑपरेशन झालेलं, पुरुषाचं ०.३ टक्के. पुरुषही शिकलेत म्हणे.

आपल्याकडे हे दोन विषय एकाच घरात वाढले, हे मात्र सांगायला मला आवडतं. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. वडिलांना पुढे भारतरत्न मिळालं, मुलाच्या वाट्याला अश्लीलतेचे खटले आणि दंड आले. त्या काळात देशाची लोकसंख्या कमी करा म्हणून सरकार मागे लागलेलं नव्हतं. बाळंतपणांनी खचणारी बाई समोर होती. मूल किती, कधी आणि नकोच का, हे ठरवता येणं ही शिकण्यातून बाईला मिळणारी एक मिळकत आहे, तशाच दुसऱ्याही. ती वापरून एखादीनं चार मुलं हवीत असं ठरवलं तर माझी ना नाही. काकूंनी बहुधा तेच केलं असावं.

बारावी झालेल्या माझ्या भाचीला "लग्न करून घे, पुढचं आम्ही शिकवू" असं सांगितलं जातंय. विश्वास ठेवावा का? – एक मावशी

माणसं चांगली असतील, आणि शब्द देताना तो खराही असेल. पण शिक्षण लग्नानं थांबतं त्याहून जास्त पहिल्या बाळानं थांबतं, आणि लग्नानंतर वर्षभरात "काही आहे का?" असं विचारणारी माणसं शब्द देणाऱ्यांपेक्षा वेगळी असतात. शक्य असेल तर पदवी पुरी होईपर्यंत थांबा; तीन वर्षांनी कुणाचं काही बिघडत नाही. थांबणं अशक्यच असेल तर निदान तीन गोष्टी आधी करा. प्रवेश घेऊन ठेवा, पहिल्या वर्षाची फी भरा आणि पावती भाचीच्या हातात द्या. पहिलं मूल शिक्षण संपल्यावर, हे मोठ्यांच्या बैठकीत न राहता त्या दोघांत बोललं जाऊ दे, नवऱ्या मुलासमोर तिला स्वतःच्या तोंडानं बोलू दे. आणि लग्नाआधी तिला एकदा डॉक्टरकडे घेऊन जा, गोळी कोणती, तांबी कधी, चुकलं तर काय करायचं, हे तिचं तिला विचारू दे. तुम्ही बाहेर बसा.